चेक इंजिनचा दिवा, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे हीटर कोड आणि पाच आकडी एस्टिमेट

चेकनाका_मुलुंड

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बीएस-४. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं, आरसी बुकावर नोंद आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून 'तुमची कंपनी, आमची कंपनी' सुरू होईल आणि मूळ प्रश्न राहील बाजूला.

पावसाळा लागल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. माझ्याकडे ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा) आहे. त्यावर दोन कोड येतात, पी ०१३५ आणि पी ०१४१. म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटरचं सर्किट. कोड पुसले की दिवा जातो, पण सकाळी ऑफिसला निघालो की विक्रोळीच्या आसपास पुन्हा हजर.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या मुलाने पुढच्या सेन्सरचं कनेक्टर सोडवलं, मल्टिमीटर लावला, म्हणाला, "बारा व्होल्ट येतायत, वायरिंग ओके, सेन्सर गेले." दोन्ही सेन्सर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. आकडा पाच आकडी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

लाइव्ह डेटा बघितला तो असा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी सलग चालली की पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.८ असं छान वरखाली होतं. पण सायनला रांगेत अडकलो की हळूहळू ते ०.४५ च्या आसपास सपाट होतं. ॲव्हरेज पडलंय. सकाळी सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो.

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही कल्पना नाही. सकाळी सीएनजीवर शिफ्ट झाली की कधीकधी लगेच परत पेट्रोलवर येते. मग थोड्या वेळाने आपोआप सीएनजीवर जाते आणि दिवसभर काही कुरकुर नाही.

प्रश्न असा: सेन्सर खरंच गेलेत हे घरच्या घरी कसं तपासायचं? मल्टिमीटर आहे, तो धरता येतो. ऑसिलोस्कोप वगैरे नाही.

काळीपिवळी

आमच्या प्रीमियर पद्मिनीला ना सेन्सर, ना दिवा. कार्ब्युरेटर उघडा, जेट फुंका, चला दादरला. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा आता रडून उपयोग नाही.

पण एक सांगतो. एक सेन्सर गेला म्हणाला असता तर ऐकलं असतं. दोन एकदम? तेही पहिल्या पावसात? पैसे खिशात ठेवा अजून.

विरार_फास्ट

सेन्सर काढून रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवा, सकाळी वायर ब्रशने घासा. मित्राच्या गाडीचा दिवा असाच गेला. फुकटात काम.

तांब्याची_तार

@विरार_फास्ट, असलं काही करायला सांगू नका हो. मित्राचा दिवा कोड पुसल्यामुळे गेला असेल. इथे कोड काजळीचा नाही, हीटरचा आहे. हीटर म्हणजे सेन्सरच्या पोटातला तापणारा भाग, तो ब्रशने कसा बरा होणार? शिवाय त्या टोकावर झिर्कोनियाच्या सिरॅमिकवर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. घासलंत तर चांगला सेन्सर हाताने माराल.

आता चेकनाका भाऊंसाठी. ऑटो इलेक्ट्रिकची कामं करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट पक्की करा. पी ०१३५ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाही. त्याचा अर्थ 'पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जे दिसायला हवं ते दिसत नाही' एवढाच. सर्किट म्हणजे बॅटरी, रिले, फ्यूज, तिथून कनेक्टरपर्यंतची वायर, सेन्सरमधला हीटर, तिथून ईसीयूपर्यंतची परतीची वायर आणि ईसीयूच्या आतला स्विच. इतक्या ठिकाणांपैकी सेन्सर हे एक ठिकाण. सर्व्हिस सेंटरमध्ये कोडच्या नावात सेन्सर दिसला की थेट पार्ट नंबर काढतात, त्यामुळे एस्टिमेट फुगतं.

हीटर लागतो कशाला? झिर्कोनिया साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की मगच नीट बोलतो. सायलेन्सरच्या उष्णतेने तो तापतोच, पण त्याला वेळ लागतो. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशने पहिल्यांदा हा सेन्सर आणला, तेव्हा त्यात हीटर नव्हता. एक्झॉस्ट तापेपर्यंत वाट बघायची. आता थंड इंजिनचा धूर हाच सगळ्यात घाण धूर म्हणून नियम कडक झाले, आणि सेन्सर लगेच कामाला लागावा म्हणून हीटर आला.

तुमचा लाइव्ह डेटा नेमकं हेच सांगतोय. हायवेवर एक्झॉस्ट गरम, सेन्सर त्याच उष्णतेवर चालतो, व्होल्टेज नाचतं. म्हणजे सेन्सरचा मेंदू शाबूत आहे. सायनच्या जाममध्ये आयडलवर एक्झॉस्ट थंडावतो, हीटर मदतीला येत नाही, सेन्सर गप्प होतो. मग ईसीयूने स्वतः त्या वायरवर ठेवलेलं ०.४५ व्होल्ट तेवढं दिसत राहतं. ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ठरलेल्या आकड्यांवर पेट्रोल फवारतो. ॲव्हरेज आणि वास तिथून आला.

आणि दोन्ही हीटर एकदम. बहुतेक गाड्यांत दोन्ही हीटरना १२ व्होल्ट एकाच फ्यूजवरून येतो, पुढे वायर फाटते. परतीच्या वायरी मात्र वेगवेगळ्या, कारण ईसीयू प्रत्येक हीटर स्वतंत्रपणे चालू-बंद करतो. तेव्हा दोन्ही एकदम बोंबलले की जिथपर्यंत वाट सामायिक आहे तिथे शोधायचं: रिले, फ्यूज आणि वायर फाटते तो जोड. मी तुमच्या जागी असतो तर सेन्सरला हातही लावला नसता.

चेकनाका_मुलुंड

तार काका, मनापासून धन्यवाद. पण त्या मुलाने १२ व्होल्ट मोजले ते माझ्या डोळ्यांदेखत. मीटर माझाच होता, १२.३ दाखवत होता. मग सप्लायमध्ये गडबड कशी?

ओहमची_सून

ही माझ्या आवडीची जागा आहे, मी घुसते.

डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टवर तो ओढतो किती, तर एका मायक्रोअँपिअरच्या आसपास. वायरच्या सगळ्या तारा गंजून एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी एवढा करंट ती आरामात नेते आणि मीटर पूर्ण १२.३ दाखवतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत गणपतीच्या कामाला सगळे हात वर करतात ना, तसं. मंडप बांधायच्या दिवशी किती जण उतरतात ते खरं मोजमाप.

आकड्यांत बघा. समजा तुमचा हीटर थंड असताना ६ ओहम आहे. सप्लाय चांगला असेल तर १२ भागिले ६, दोन अँपिअर, म्हणजे २४ वॅट. आता वाटेत गंजाने ९ ओहम घातले. एकूण १५ ओहम, करंट ०.८ अँपिअर. हीटरच्या वाट्याला ४.८ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ३.८ वॅट. चोवीसच्या जागी पावणेचार. सेन्सर कोमट होईल फार तर. आणि कनेक्टर सोडवून मीटर लावलात तर याच सर्किटात १२ व्होल्ट दिसतील, कारण तेव्हा करंट वाहतच नाही.

तेव्हा सप्लाय तपासायचा तो लोड लावून, म्हणजे बल्बसारखं करंट ओढणारं काहीतरी जोडून. बाकी सगळं मनाचं समाधान.

काळीपिवळी

सभेचं उदाहरण आमच्या सोसायटीत येऊन दिलंस का गं पोरी?

तांब्याची_तार

@ओहमची_सून, वा. मी बल्ब सांगणारच होतो, तुम्ही कारण सांगितलंत.

चेकनाका भाऊ, क्रमाने असं करा. इंजिन थंड असताना, कारण पुढचा सेन्सर मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीजवळ) असतो आणि तिथे हात भाजतो. सीएनजीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या, वायरिंगशी खेळताना तेवढं करावंच.

पहिलं काम सेन्सरची बाजू. कनेक्टर सोडवा. सेन्सरकडून चार वायरी येतात, त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन त्या हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला बहुधा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या ग्राउंडची. डेन्सोला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. म्हणजे काळी वायर एकाकडे सिग्नल आणि दुसऱ्याकडे हीटर, म्हणून रंगाच्या भरवशावर थेट करंट सोडायचा नाही. त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. थंड असताना काही ओहम यायला हवेत. अचूक आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, पण ३ ते १५ च्या घरात असेल तर हीटर जिवंत आहे असं धरा. मीटर 'ओएल' दाखवत असेल तर हीटर तुटला, विषय संपला. हीटरची वायर आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यात मात्र काहीही लागता कामा नये. मागच्या सेन्सरचंही हेच.

दुसरं काम गाडीची बाजू. एक इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट, दोन वायरी जोडून. हा पावणेदोन अँपिअर ओढतो, हीटरच्या जवळपास. इग्निशन ऑन. बल्बचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूला हीटरच्या सप्लाय पिनला. बल्ब लख्ख पेटला पाहिजे आणि तो पेटलेला असताना त्याच पिनवर मीटर लावला तर बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल, त्यापेक्षा जास्त नाही. पिनमध्ये जाड काहीतरी कोंबू नका, पिन फाकली की नवीन दुखणं लागतं. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय हा सप्लाय येत नाही, ते ध्यानात असू द्या.

२१ वॅटचा बल्ब फक्त सप्लायच्या पिनला. ईसीयूकडे जाणाऱ्या पिनला नाही. ती बाजू बघायची तर एलईडीवाली टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्या पिनला, आणि इंजिन चालू करा. ईसीयू हीटरला ठोक्याठोक्याने ग्राउंड देतो, एलईडी लुकलुकते. पण आधी कोड पुसा. हीटरचा दोष एकदा नोंदला की बरेच ईसीयू त्या फेरीपुरता हीटर बंदच ठेवतात. मग तुम्ही मोजत बसाल आणि ईसीयू गेला म्हणाल.

आणि हो, ती सीएनजीची कुरकुर. किट बसवताना सीएनजीच्या ईसीयूला 'इग्निशन ऑन झालं' हे कळायला एक १२ व्होल्टची वायर लागते. फिटर ती कुठून घेतात माहीत आहे? जी वायर हाताला जवळ लागेल तिथून. मला वास येतोय.

गिरगाव_चौपाटी

बल्ब-होल्डर कुठेही मिळेल. चांगला मीटर हवा असेल तर लॅमिंग्टन रोड. सेन्सर घ्यायची वेळ आलीच तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतील, पण तिथे खोक्यावरचं नाव आणि आतला माल यांची गाठ पडेलच असं नाही. नवीन सेन्सरच्या आट्यांवर कंपनीने आधीच लेप दिलेला असतो, तो पुसलेला दिसला तर परत करा, आधी कुणीतरी लावून काढलेला असतो.

विरार_फास्ट

अजून एक उपाय. बाजारात दहा वॅटचे रेझिस्टर मिळतात. हीटरच्या जागी तो लावला की ईसीयूला हीटर आहे असं वाटतं, दिवा जातो.

ओहमची_सून

ईसीयूला वाटेल. सेन्सरला काय वाटेल? तो थंडच राहणार ना. दिवा गेला, पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज तिथेच. आणि यांच्या केसमध्ये तर सप्लायच कमी पडतोय, रेझिस्टर लावूनही कोड येईल.

पीयूसी_वाले_काका

शिवाय पीयूसीचं बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून लॅम्बडा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, नेमकं असेल तर १) मोजतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो. सेन्सर नीट चालत नसेल तर गाडी तिथेच अडकू शकते. गंमत म्हणजे २५०० वर एक्झॉस्ट गरम असल्यामुळे हीटर मेलेली गाडीही कधीकधी पास होते. तेव्हा पीयूसी आहे म्हणजे सेन्सर ठीक, असंही समजू नका.

चर्चगेट_स्लो

हे सगळं २० टक्के इथेनॉलमुळे चाललंय. कुणी बोलत नाही.

तांब्याची_तार

इथेनॉलचा वेगळा धागा काढा, येतो तिकडे. इथे एवढंच: शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला एक, २० टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण साडेतेराला एक, सीएनजीला सतराच्या पुढे. इंधन बदललं की ईसीयूला हे कळतं ते याच सेन्सरमुळे. म्हणून तो जागा असणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं. पण इथेनॉल काही हीटरची वायर तोडत नाही.

चेकनाका_मुलुंड

मंडळी, रविवारची सकाळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेली. वॉचमनने दोनदा विचारलं गाडी विकताय का. आकडे देतो.

पुढच्या सेन्सरचा हीटर ६.१ ओहम. मागचा ६.४. दोन्हीत बॉडीला काहीही लागत नाही.

पुढचा कनेक्टर सोडवून, इग्निशन ऑन, मीटर: १२.३. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या मुलाचंच रीडिंग. मग २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब पेटला म्हणायचं, पण आतली तार नुसती लालसर. त्या वेळी पिनवर ३.८ व्होल्ट! बॅटरीवर त्याच वेळी १२.१. मागच्या सेन्सरच्या कनेक्टरवर तीच कथा, ३.९.

बल्ब तसाच पेटता ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर लावला. दोन्हीकडे १२ च्या वर. आता पुढे?

ओहमची_सून

सुंदर! बल्ब पेटता ठेवून फ्यूज मोजला हे फार बरं केलंत. फ्यूजपर्यंत व्होल्टेज पूर्ण आहे, म्हणजे बॅटरी, रिले, फ्यूज सुटले. दोन्ही सेन्सर सुटले. उरलं काय तर फ्यूजच्या पुढून वायर फाटते तिथपर्यंतचा तुकडा. आठ व्होल्टपेक्षा जास्त त्या तुकड्यात जिरतायत.

तांब्याची_तार

फ्यूज बॉक्समधून खाली निघणारा हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत जा, बल्ब पेटताच राहू दे. कुणाला तरी बल्बकडे बघायला बसवा. जिथे वायर हलवली की बल्ब उजळतो किंवा विझतो तिथे थांबा. किट बसवताना कुठे नवीन काळी टेप गुंडाळलीय ते आधी बघा. कंपनीची टेप मळकट, कापडी असते, फिटरची चकचकीत प्लास्टिकची. तिच्याखाली उघडा.

उंदरांकडेही लक्ष असू द्या. पार्किंगमधल्या गाड्यांत पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर टोकाला दातांनी तासल्यासारखी दिसते, गंजलेली हिरवी पडते.

चेकनाका_मुलुंड

सापडलं!

बायकोला बल्बसमोर बसवलं. बॅटरीच्या ट्रेखाली हार्नेस वाकतो तिथे चकचकीत टेप होती. दाबली की बल्ब लख्ख, सोडली की मंद. टेप काढताना आतून पाण्याचे थेंब पडले. खाली हीटरच्या सप्लाय वायरचं कव्हर बोटभर सोललेलं, त्यावर सीएनजीची बारीक वायर नुसती पिळून गुंडाळलेली. ना क्रिंप (दाबून बसवलेला धातूचा जोड), ना सोल्डर. तांबं हिरवंगार, आणि सोलताना ब्लेड लागलं असावं, कारण मूळ वायरच्या बऱ्याच तारा कापलेल्या. उरलेल्यांतल्या काही गंजून तुटलेल्या. बोटाने ओढली तर दोन-तीन तारांवर लोंबकळत होती.

सीएनजीचं येणं-जाणं पण याच्यामुळेच का?

तांब्याची_तार

त्याच्यामुळेच. सकाळी गाडी चालू झाली की ईसीयू दोन्ही हीटर पेटवतो, त्या जोडावर व्होल्टेज कोसळतं. सीएनजीच्या ईसीयूला वाटतं चावी बंद झाली, तो गॅस बंद करतो, गाडी पेट्रोलवर येते. मग मूळ ईसीयू हीटरचा दोष नोंदवून हीटर सोडून देतो. लोड गेला, जोडावर पुन्हा १२ व्होल्ट, सीएनजी खुशाल चालू. दिवसभर कुरकुर नाही म्हणालात ना, ती यामुळे. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये उत्तर होतंच.

दुरुस्ती अशी करा. हिरवं तांबं दोन्ही बाजूंनी चमकतं तांबं लागेपर्यंत कापा, घासून चालणार नाही. गंज कव्हरच्या आत बराच लांब गेलेला असतो. मध्ये तेवढ्याच जाडीची नवीन वायर, दोन्हीकडे क्रिंप, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). सीएनजीची वायर तिथे परत जोडू नका. तिला इग्निशनचा वेगळा सप्लाय घ्या, स्वतःच्या छोट्या फ्यूजसकट. आणि हार्नेस ट्रेखालून वर उचलून बांधा.

त्याच फिटरने सिग्नलच्या वायरलाही टॅप मारलाय का ते बघून घ्या. बऱ्याच किटांतून लॅम्बडासाठी, म्हणजे याच ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलसाठी, एक वायर निघते, बहुधा जांभळी. ती सेन्सरच्या अगदी जवळ सोलून जोडलेली असेल तर तिचंही असंच काहीतरी झालेलं असणार.

गिरगाव_चौपाटी

क्रिंप कशाला? सोल्डर पक्कं नाही का?

तांब्याची_तार

हार्नेसमध्ये सोल्डर केलं तर चालतं, पण सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने तुटते. मी क्रिंपच मारतो. सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीच्या वायरीला मात्र सोल्डर अजिबात नको. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि पुष्कळ सेन्सर ती हवा त्या वायरींच्या तारांमधल्या फटीतूनच ओढतात. सोल्डरने ती वाट बुजते. याच कारणाने सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं किंवा स्प्रे मारणं टाळा.

चेकनाका_मुलुंड

एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तुम्ही सांगितलं तसं करून घेतलं. सिग्नलच्या वायरला टॅप नव्हता, नशीब. आता बल्ब लावून पिनवर ११.९, बॅटरी १२.१. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभराच्या आत पुढचा सेन्सर नाचायला लागतो. आज सायनला पूर्ण जाममध्ये आयडलवरही तो सपाट झाला नाही. कोड पुसल्यावर परत आलेले नाहीत. खर्च त्या एस्टिमेटच्या तुलनेत चहापाण्याचा. एस्टिमेटचा कागद फ्रेम करून ठेवणार होतो, बायकोने त्यावर वाणसामानाची यादी लिहिली.

काळीपिवळी

आता ते किटवाल्याकडे जाऊन भांडा, म्हणजे मजा पूर्ण होईल.

हिंदमाता_पाणबुडी

वाचनखूण साठवली. तार काका, याच धाग्यात घुसतो, माफ करा. माझी गाडी बीएस-४, सीएनजी नाही. हिंदमाताला पाण्यातून काढली की पी ०१३८ (मागच्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त) येतो, दोन दिवस ऊन पडलं की जातो. मागच्या सेन्सरचं व्होल्टेज तेव्हा स्कॅनरवर १.२ च्या वर दिसतं. गॅरेजवाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) बदला म्हणतोय!

ओहमची_सून

१.२ च्या वर? साध्या झिर्कोनिया सेन्सरला स्वतःच्या बळावर एक व्होल्टच्या पुढे जाता येत नाही. इंजिन कितीही रिच (जास्त पेट्रोलवर) चालवा, ०.९ च्या आसपास थांबतो. त्याच्यावरचं व्होल्टेज बाहेरून आलंय. कन्व्हर्टरचा यात काही संबंध दिसत नाही, त्याचा कोड वेगळा असतो, पी ०४२०.

तांब्याची_तार

बरोबर. मागचा कनेक्टर गाडीच्या पोटाखाली असतो, पाणी आत गेलं की शेजारच्या हीटरच्या पिनवरचे १२ व्होल्ट ओलाव्यातून सिग्नलच्या पिनवर झिरपतात. खात्री करायची तर पुढच्या वेळी कोड आला की इंजिन गरम असताना, स्कॅनर लावलेला ठेवून, हीटरचा फ्यूज काढा. व्होल्टेज लगेच एकच्या खाली आलं तर गळती हीटरच्या पिनवरूनच. फ्यूजवर आणखी काय काय आहे ते झाकणाच्या आतल्या चित्रात आधी बघा, इंजेक्टर त्याच फ्यूजवर असतील तर इंजिन बंद पडेल.

मग कनेक्टर उघडा. आतला रबरी सील फाटलाय किंवा जागेवरून सरकलाय का बघा, कोरड्या हवेने फुंका, पिना हिरव्या पडल्या असतील तर तेवढं कनेक्टर बदला. कन्व्हर्टरला हात लावू देऊ नका. आणि कनेक्टरचा फोटो टाका इथे, दोन्ही बाजूंचा.